सहाव्याची खुर्ची

"त्या खुर्चीवर नको हं, आत्या. तिथे सहावा बसतो," शेंडेफळ म्हणालं, आणि खुर्चीच्या पाठीकडे गेलेला हात आत्याने मागे घेतला.

अकरा वर्षांनी ती धाकट्या भावाच्या घरात पाऊल टाकत होती. उपासना संपवून तो नुकताच आला होता, पाळकाचा काळा झगा अजून खुंटीवर हलत होता. जेवणाच्या टेबलाभोवती आठ खुर्च्या होत्या आणि माणसं सात, म्हणजे बसायला जागा होती, पण पाहुणीला बस म्हणायची कोणाची छाती होत नव्हती...

या घराची रीतच निराळी. एका लेकराचा बाप्तिस्मा झाला की पाळक सुताराला पुढच्याची खुर्ची सांगायचा. देव जे मूल धाडील त्याची जागा आपण आधीच करून ठेवावी, नको म्हणणारे आपण कोण, असं तो मंडळीला सांगायचा आणि स्वतःच्या घरात करूनही दाखवायचा. पाच खुर्च्या भरल्या. सहावी आली ती तशीच राहिली.

"तो कोणाला त्रास देत नाही," अकरा वर्षांची ती धाकटी पोर ताटं मांडता मांडता म्हणाली. "नुसता वाढतो. आधी त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आता टेकतात."

आत्याने खाली पाहिलं. खुर्चीसमोरची फरशी दोन जागी झिजून गुळगुळीत झाली होती. खुर्चीच्या हातांवरचा रंग उडाला होता, उशीला मधोमध खळगा पडला होता. रोज रात्री ती खुर्ची टेबलाखाली ढकलायची आणि सकाळी ती वीतभर बाहेर आलेली असायची, असं भावजयीने एकदा चिठ्ठीत कळवलं होतं. तेव्हा आत्या हसली होती. आता मात्र तिच्या मानेवर काटा आला.

पण ती खुर्चीसाठी आलीच नव्हती, ती आली होती थोरलीसाठी. चार महिन्यांपूर्वी लग्न झालेली, सध्या माहेरी आलेली ही भाची, हृदयाची झडप लहानपणापासून अधू. बाळंतपण झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. नवऱ्याने दिवस न जाण्याच्या गोळ्या आणून दिल्या, त्या पर्समध्ये तशाच पडून होत्या, कारण पोरीचा एकच हेका, बाबा हो म्हणाले तरच घेईन. म्हणून तर भावजयीने निरोप धाडला होता, 'वन्सं, या. मी एकटी पुरी पडत नाही.'

"ताई, कुशीचं दार उघडणारा देव आणि लावणाराही तोच," भाऊ ताटाकडे पाहत म्हणाला. "मी मध्ये पडणारा कोण?"

"तू चष्मा लावतोस तेव्हा नाही का मध्ये पडत? तुझे डोळे त्यानेच अधू केले ना?" आत्या म्हणाली. थोरली खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. "आणि धाकट्या, तूच शिकवतोस ना, की माणूस आणि देव यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ लागत नाही, ज्याने त्याने आपला विवेक घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं? मग या लेकीच्या आणि देवाच्या मध्ये तू आडवा का पडलायस?"

बोलली ती भावजय, जी या घरात कधी आवाज चढवून बोलली नव्हती. हातातला डाव तिने भांड्यात ठेवला.

"पाचव्या लेकराच्या वेळी, पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून ऑपरेशन करा असं मीच म्हणाले होते. वन्संचा हात धरून म्हणाले, पाच लेकरांना आई हवी. वन्सं मंडळीच्या पंचांसमोर खोटं बोलल्या... आणि मी ऐकून घेतलं."

आत्याने डोळे मिटले. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. ती त्याच दवाखान्यात मुख्य नर्स होती. पुढच्या खेपेला आई वाचेल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. संमतीचा कागद घेऊन ती बाहेर गेली, तर भाऊ भिंतीपाशी गुडघे टेकून बसलेला. त्याने सही केली आणि कागद परत दिला. धोब्याची पावतीसुद्धा दोनदा वाचणारा माणूस, पण बायकोच्या काळजीने त्याचं भान हरपलं असेल, न वाचताच सही केली असेल, असं आत्याला वाटलं. पुढे मंडळीत कुजबुज झाली, पंच जमले, तेव्हा त्या भाबड्या भावाला आणि त्याच्या बायकोला वाचवायला ती उभी राहिली. हे माझं काम आहे, दोघांनाही पत्ता नाही, असं तिने सांगितलं. त्या दिवसापासून तिला प्रभुभोजन, उपासनेतली भाकर आणि प्याला, बंद झालं आणि भावाचं दारही.

"ठाऊक आहे मला," भाऊ म्हणाला. आवाज इतका खोल गेला होता की शेंडेफळाने मान वर करून पाहिलं. "मी कागद वाचला होता, ताई. ओळ न् ओळ वाचून सही केली... आणि तू उभी राहिलीस तेव्हा मान खाली घातली."

कोणी हललं नाही. रिकामी खुर्ची मात्र करकरली, कोणीतरी आपली बैठक सावरून घेतल्यासारखी.

अकरा वर्षं! प्याला पुढे पुढे सरकत जायचा आणि ती मागच्या बाकावर रिकाम्या हाताने बसून राहायची, आपण एका भोळ्या माणसाला झाकतोय या एका समाधानावर. तेही आज गेलं. तिने खुर्चीकडे बोट केलं.

"आणि वर ही खुर्ची करवलीस? ठाऊक असून?"

"नाही करवली तर लोक विचारतील, म्हणून. मग रोज पहाटे या खुर्चीच्या हातावर हात ठेवून क्षमा मागत राहिलो. त्यानेच रंग गेला." तो थांबला. "पण मी हिच्यावर कधी बसलो नाही, ताई. देवाशपथ."

तो उठून तिच्या पायांशी वाकू लागला. तिने त्याचे खांदे धरले. किती हडकला होता हा.

"माझं मागाहून," ती म्हणाली. "आधी पोरीला सांग."

तो थोरलीकडे वळला. "गोळ्या सुरू कर, बाळ. देवापुढे उभी राहून ठरवायचा हक्क तुझाच होता, माझ्या परवानगीची गरज नव्हतीच. पण मला विचारशील, तर मला तू जिवंत हवी आहेस. तुझ्या आईसाठीही त्या दिवशी मी एवढंच मागितलं होतं." मग बायकोकडे न पाहता तो म्हणाला, "येत्या रविवारी मंडळीपुढे सगळं सांगणार आहे. मग पाळक ठेवायचा की नाही, त्यांनी ठरवावं."

भावजयीने पदर डोळ्यांना लावला. थोरली आईला बिलगली.

भावाने सहावी खुर्ची स्वतःच्या हाताने मागे ओढली. "बस, ताई. जेवून घे."

आत्याने शेंडेफळाकडे पाहिलं. पोर खुर्चीकडे टक लावून बघत होती, मग तिची नजर हळूहळू दारापर्यंत सरकत गेली, तिथे जराशी थांबली आणि परत आली.

"बस आता," ती म्हणाली. "उठला तो."

आत्या बसली. उशी उबदार होती.