अजून एक फेरी

“दोन इंजिनांचं विमान ठेव, मी काही म्हणत नाही,” खाणावळवाल्या डोरीनने बजावलं होतं, “पण शिकवायला येणारा बरा दिसणारा निघाला, तर त्याला पहिल्याच दिवशी माझ्याकडे जेवायला आणू नकोस. भुकेला मास्तर भराभर शिकवतो पोरी. पोट भरलं की रेंगाळतो.”

ब्रिटाने ते हसण्यावारी नेलं. तिला कुणाच्या दिसण्याकडे बघायला सवड होती कुठे? कडेवर तीन वर्षांची टिली, टिलीचा बाप अलास्कात नव्या संसारात रमलेला, आणि काम असं की पायाला भिंगरी. चर्चमधले जुने ऑर्गन ती दुरुस्त करायची, सुरात लावायची. कॅन्ससपासून डकोटापर्यंत सपाट मुलुख, आणि एका ऑर्गनपासून दुसरा दिवसभराच्या वाटेवर. गाडीने जायचं म्हणजे दोन रात्री बाहेर. त्या रात्री टिली डोरीनकडे झोपायची आणि ब्रिटा कुठल्यातरी मोटेलच्या पलंगावर डोळे उघडे ठेवून पडायची. पोरीने पांघरूण लाथाडलं असेल… खिडकी लागली असेल ना…

हाच धंदा तिचे वडील करायचे, पण ते रात्रीच्या जेवणाला घरी असत. कारण त्यांच्याकडे ते विमान होतं. पांढरं, लांब नाकाचं, अरुंद पंखांचं, जुनं पण वाऱ्याला मागे टाकणारं. वडिलांच्या माघारी ते ब्रिटाकडे आलं. दोन इंजिनं म्हणजे एका घरातल्या दोन जावा, असं डोरीन म्हणायची. एकीचं तेल बदललं की दुसरी धुसफुसायला लागते.

विमान चालवायचा परवाना ब्रिटाकडे होता. पण विमा कंपनी म्हणाली, इतक्या वेगवान यंत्रात आधी जाणत्या शिक्षकाबरोबर ठरलेले तास उडा. मग ‘हिला एकटीला सोडायला हरकत नाही’ अशी त्याची सही आणा. तोवर विमान जागेवरच.

गव्हाच्या शेतांमधली ती एक धावपट्टी, चार पत्र्याच्या शेड, इंधनाचा पंप आणि कोपऱ्यात डोरीनची खाणावळ. एप्रिलातल्या त्या दुपारी पाऊस असा तिरका मारत होता की छत्री उघडणं म्हणजे ती वाऱ्याला देऊन टाकणं. ब्रिटा टिलीला कोटाखाली घेऊन धावत आली, तर तिच्या विमानाच्या पंखाखाली एक परका माणूस उभा. कॉलर वर केलेली, आणि हात इंजिनाच्या पंख्यापासून वीतभर अंतरावर.

“अहो, त्या पंख्यापासून लांब व्हा.” बंद इंजिनाच्या पंख्यावरही विश्वास ठेवायचा नाही, हे तिला बोलायला शिकायच्या वयात शिकवलं होतं.

त्याने दोन्ही हात वर केले. “मी हात लावला नाही हो. पावसात उभा होतो, हिनेच आत बोलावलं.” त्याने विमानाकडे मान हलवली.

“बोलते वाटतं ही?”

“बोलते की. म्हणाली, मालकीणबाई कडक आहेत… बूट पुसून ये.”

आधी टिली हसली. ब्रिटा हसली नाही. फक्त ओठांचा एक कोपरा तिचं न ऐकता हलला, आणि त्याने तो बघितला.

तो रूबेन ओर्टेगा होता, विमा कंपनीने पाठवलेला शिक्षक. उद्या यायचा तो वादळाचा अंदाज ऐकून आजच दोन तास गाडी हाकत आला होता. सदरा अंगाला चिकटलेला, एका कानामागे थोडे पांढरे केस, आणि बोलताना समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय. भिजलेल्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं? ब्रिटा त्याला डोरीनकडे घेऊन गेली. डोरीनने त्याच्यापुढे तिखट बीन्सचं वाडगं आणि दालचिनीचा रोल ठेवला. मग तिने ब्रिटाकडे असं काही बघितलं की ब्रिटाने उगाचच टिलीचं आधीच पुसलेलं तोंड पुन्हा पुसलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. जमीन खाली गेली आणि केबिनमध्ये वाँव्… वाँव्… वाँव्… असा हेलकावा भरला. दोन पंख्यांचा वेग किंचित जरी वेगळा असला की तो आवाज येतो. काट्याकडे बघून पंख्यांच्या वेगाचे दोन्ही दांडे कसे सारखे करायचे, हे रूबेन सांगणार तोच ब्रिटाने डोळे अर्धवट मिटून एक दांडा केसभर मागे घेतला. हेलकावा लांबला… आणखी लांबला… आणि विरून गेला. दोन आवाजांचा एक झाला.

“काट्याकडे बघितलंत?” त्याने विचारलं.

“नाही. कानाने. ऑर्गनच्या दोन नळ्याही अशाच भांडतात.”

त्याने काट्यावरची नजर उचलली. “मला हे यायला फार वर्षं लागली. आणि अजूनही मी काटा चोरून बघतो.”

“मग बघत जाऊ नका. चोरी वाईट.”

आपण हे बोललो? ब्रिटाने तोंड फिरवून खिडकीबाहेरच्या नदीकडे बघितलं. नदीत विशेष बघण्यासारखं काही नव्हतं.

मग दर मंगळवार त्याचा झाला. उडता उडता तो अलगद एक दांडा मागे ओढायचा. म्हणजे एक इंजिन गेलं असं समजायचं. नाक त्या बाजूला वळू लागे, विरुद्ध पायाने दाबून ते सरळ धरायचं. जो पाय रिकामा राहिला, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. “पण घाई नाही,” तो दरवेळी सांगायचा. घाबरून चांगलं चाललेलंच इंजिन बंद करून बसलेली माणसं त्याने पाहिली होती. ब्रिटा घाई करायची नाही. ती रिकाम्या गुडघ्यावर हात ठेवायची, मोठ्याने बोलायची, पुन्हा तपासायची. एका इंजिनावर निभावून न्यायला लागणारा वेग दाखवणाऱ्या निळ्या रेघेखाली वेगाच्या काट्याला कधी उतरू द्यायची नाही. उतरताना चाकं पुरती बाहेर आल्याचे तीन हिरवे दिवे तीनदा मोजायची. घरी टिलीसुद्धा आंघोळीआधी नळाकडे बोट दाखवून “तीन हिरवे” म्हणायला लागली.

विमान टेकलं की ब्रिटा विचारायची, कसं झालं? आणि रूबेन खिडकीबाहेर बघत म्हणायचा, “चांगलं झालं… अजून एक फेरी करू.”

गव्हाला ओंब्या आल्या. ठरलेले तास भरले, तरी तो येत राहिला. टिली त्याला बघताच हात वर करायची, उचल म्हणून. डोरीन न विचारता तिसरी प्लेट मांडायची. एकदा विमान शेडमध्ये ढकललं आणि वरून गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा ताशा की शेजारचं बोलणं ऐकू येईना. ब्रिटा समोर बघत ओठ हलवत होती. रूबेन कानाजवळ वाकला.

“तू घाबरलीस की मोजायला लागतेस, माहीत आहे तुला?”

“काय मोजते?”

“काहीही. आत्ता माझ्या सदऱ्याची बटणं मोजत होतीस.”

तिला कानापर्यंत ऊन ऊन वाटलं. तो ‘तू’ म्हणाला हे दोघांच्याही लक्षात आलं होतं. कुणीच दुरुस्त केलं नाही.

पण घरी आल्यावर ब्रिटाचं मन दुसरंच बोलायचं. हा सही का करत नाही? डॉक्टर ‘अजून एक तपासणी करू’ म्हणतात तेव्हा त्यांना काहीतरी दिसलेलं असतं. माझ्या हातात काहीतरी खोट असणार. तो भला माणूस आहे, तोंडावर सांगत नाही. आणि शिकवणाऱ्यालाच खात्री नसेल, तर लहान पोरीच्या आईने कशाच्या भरवशावर एकटं उडायचं?

जूनमध्ये ती गाडीने नेब्रास्काला गेली. हात ऑर्गनच्या पोटात असताना फोन आला, टिलीला ताप भरलाय. ती पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. ताप उतरला होता. टिलीने आईकडे एकदा बघितलं आणि डोरीनच्या गळ्यात तोंड लपवलं.

त्या दिवशी ब्रिटाने ठरवलं. विमान विकायचं, लांबची कामं सोडायची, आणि विचिटाला पियानोच्या दुकानात नोकरी धरायची. गव्हाची कापणी उरकली तेव्हा ओक्लाहोमाहून एक गिऱ्हाईकही मिळालं.

रूबेनला सांगताना सूर हलका ठेवायचा, हे तिने घोकून ठेवलं होतं. शेडमध्ये तो पंखावर उभा राहून विमानाची काच पुसत होता.

“शनिवारी एकजण विमान बघायला येतोय,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात आम्ही विचिटाला जाऊ. तुझी मंगळवारची रपेट वाचली.”

त्याचा हात काचेवर तसाच राहिला. “का?”

“का म्हणजे? तू सही करत नाहीस, त्याअर्थी मला जमत नाही. रागावले नाही मी. खरंच.”

तो खाली उतरला. फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. “ब्रिटा… सही मी मे महिन्यातच करायला हवी होती.”

“म्हणजे?”

“तू तेव्हाच तयार होतीस. तुझ्याइतकं जपून उडवणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. पण सही केली असती तर… पुढच्या मंगळवारी यायला मला कारण उरलं नसतं.”

ब्रिटाच्या छातीत काहीतरी उमललं, आणि ते पुरतं उमलायच्या आत त्याच्या पाठोपाठ राग आला.

“तू विचारायचं होतंस,” ती म्हणाली. “नुसतं यायचं आहे म्हणाला असतास तरी चाललं असतं. दोन महिने मी आरशापुढे उभी राहून स्वतःला सांगतेय की माझ्यात खोट आहे. पोर तापाने फणफणली होती रूबेन, आणि मी गाडीत होते. तुझ्या मंगळवारासाठी?”

त्याने खिशातून पेन काढलं, विमानाच्या पंखावर कागद ठेवला आणि सही केली.

“ही तुझी कमाई आहे, मी देतोय असं नाही. दुसरं जे मनात आहे ते आज बोलणार नाही. आज बोललो तर सहीच्या बदल्यात मागितल्यासारखं होईल.”

तिने कागद घेतला. दारापर्यंत गेली आणि थांबली. “त्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळवते. उद्या सकाळी मी एकटी नेब्रास्काला जाईन, दुपारी परत. टिलीला तू सांभाळ.”

“मी?”

“तूच. वाट बघणं कसं असतं, बघ जरा.”

सकाळी धावपट्टी चाकांखालून सुटली तेव्हा उजवीकडची खुर्ची रिकामी होती. ब्रिटाने तरीही प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हटली. वर गेल्यावर हेलकावा आला. तिने दांडा केसभर हलवला आणि दोन आवाजांचा एक केला. खाली कापलेली शेतं, विहिरींच्या पवनचक्क्या, कोऱ्या दिसणाऱ्या पांढऱ्या वाटा. आपले खांदे सैल पडले आहेत हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. इतकी वर्षं ती काळजीला वैगुण्य समजत होती. इथे तीच काळजी पट्टा बांधून शेजारी बसली होती आणि कामाला येत होती.

खाली काय झालं ते डोरीनने नंतर रंगवून सांगितलं. त्याच्या ताटातली अंडी गार झाली. वाऱ्याचा अंदाज त्याने इतक्यांदा विचारला की पंपावरच्या माणसाने रेडिओ आणून त्याच्या हातातच दिला. दुपारी टिली त्याच्या खांद्यावर झोपली. ती उठेल म्हणून तो बसला नाही, आणि ब्रिटाची यायची वेळ टळली तरी कुंपणापासून हलला नाही.

अखेर उत्तरेकडून तो आवाज आला. एकच, सलग.

विमान शेडजवळ थांबलं. दोन्ही पंखे पुरते थांबेपर्यंत रूबेन जागचा हलला नाही. ब्रिटा पंखावरून उतरली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

“उशीर झाला,” तो म्हणाला.

“वारा समोरून होता. शिवाय पाद्रीबाईंनी बटाट्याची कोशिंबीर खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.”

“बटाट्याची कोशिंबीर.” एखाद्या जुन्या वैऱ्याचं नाव घ्यावं तसं त्याने ते म्हटलं, आणि ब्रिटाला इतकं हसू आलं की तिने इंजिनाला हात टेकला. ते गरम होतं. तिने हात झटकला. त्याने तोच हात धरला.

“आता बोल,” ती म्हणाली.

“काय?”

“काल जे बोलला नाहीस ते.”

खांद्यावरची टिली झोपेत कुरकुरली. त्याने आवाज उतरवला. “मला तू हवी आहेस. हीसुद्धा. शिकवायला आता माझ्याकडे काही उरलं नाही… तेव्हा नुसताच येत जाईन म्हणतो.”

“नुसतंच कुणी दोन तास गाडी हाकत येतं का?”

“माझ्या ओळखीत एक आहे.”

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं, उतरायच्या आधी धावपट्टी बघतात तसं. “माझ्याबद्दलची गोष्ट माझ्यापासून लपवायची नाही. चांगली असली तरी.”

“नाही लपवणार.”

“मग ये,” ती म्हणाली. “आणि मंगळवारीच यायला हवं असं काही नाही.”

पुढच्या वसंतात तिनेच सुरात लावलेल्या एका ऑर्गनच्या साक्षीने त्यांचं लग्न झालं. आता आठवड्यातून दोन-तीनदा ब्रिटा उत्तरेला जाते आणि टिलीला झोपवायला घरी असते. वर असते तेव्हा ती अगदी मजेत असते. तिची काळजी करू नका.

खाली मात्र एकाला वाट बघणं अजून जमलेलं नाही. तेव्हा कधी त्या बाजूला गेलात, तर शेडच्या मागे कुंपणाशी डोकावून या. झोपलेली पोर खांद्यावर घेऊन एक माणूस उत्तरेकडे बघत उभा असेल. जवळ खुर्ची असते, पण तो बसत नाही. त्याला म्हणावं, जरा खांदा बदल, हात भरून आला असेल. आणि तुम्हाला घाई नसेल, तर तो आवाज येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.