नवरीसाठी सोडलेली ओळ

दुपारी नवऱ्याला कॉफी द्यायला व्हेतुरिया स्टुडिओत गेली आणि दाराशीच थबकली. आत सांदू पियानोवर नवं गाणं बसवत होता. बुखारेस्टमध्ये तेव्हा हायदुकांच्या, म्हणजे जमीनदारांना लुटणाऱ्या जुन्या बंडखोरांच्या सिनेमांची चलती होती. या सिनेमात बंडखोर जंगलात निघताना त्याची प्रेयसी हे गाणार होती, आणि पडद्यामागचा आवाज व्हेतुरियाचा असणार होता. पण इतका जीव ओतलेली चाल सांदूनं तिच्यासाठी कधी बांधली नव्हती. तिचा जळफळाट झाला.

"कोण आहे रे ती, जिच्यासाठी ही चाल बांधलीस?"

सांदूनं हात आवरले. "रुक्सांद्रा. आमच्या गावची. लग्नाआधीच गेली. गावाकडे अशा पोरीला नवरीच्या कपड्यांत पुरतात, शेजारी एखादा पोरगा नवरा म्हणून उभा करतात. तो मी होतो. बायका हेच गाणं म्हणत होत्या. शेवटची ओळ कुणी म्हणायची नसते... ती नवरीची."

"आणि ते तू सिनेमात घातलंस?"

"चाल डोक्यातून जातच नाही गं. ओळ मात्र मोकळी सोडलीय."

"म्हणजे घसा मी फोडायचा आणि मानाचं पान तिला."

"व्हेतुरिया... त्या ओळीला हात लावू नकोस."

असं सांगितल्यावर कोणती बायको ऐकून घेईल? जिवंत सवत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. मेलेलीचं काय करायचं? व्हेतुरियानं शेवटच्या ओळीचे शब्द स्वतःच रचले: 'ये, माझ्या शेजारी तुझी जागा आहे.'

रेकॉर्डिंगच्या वेळी ती ते बिनदिक्कत गायली. सांदूचा चेहरा पांढराफटक पडला. जाड पडद्यांच्या त्या बंद खोलीत मेणबत्त्यांचा आणि ओल्या मातीचा वास दाटून आला होता.

टेप ऐकली, तर सगळं गाणं खणखणीत होतं. शेवटच्या ओळीला फक्त शांतता.

"बाई, आवाज दाखवणारा काटा हलत होता," ध्वनिमुद्रक त्रायान पुटपुटला. "मी बघत होतो ना..."

पुन्हा गायली. पुन्हा तेच. शेवटी दिग्दर्शक वैतागला. म्हणाला, राहू दे तशीच मोकळी, तिथं घोड्याच्या टापा टाकू.

पहिल्या खेळाला थिएटर खच्चून भरलं होतं. सांदू रांगेच्या टोकाला, भिंतीलगत बसला होता, शेजारी व्हेतुरिया. गाणं शेवटाला आलं, टापा दूर गेल्या, शांतता पसरली. ओळ ना माझी, ना तिची, या विचारानं व्हेतुरियाला बरंच वाटलं.

मग पुढच्या बाईनं डोळ्यांना रुमाल लावला. कुणीतरी हुंदका दिला. सगळं थिएटर कान देऊन काहीतरी ऐकत होतं. व्हेतुरियानं जिवाचा कान केला. तिला काहीच ऐकू येईना.

पुढची बाई मागे वळली, गायिकेला ओळखून कुजबुजली, "शेवटची ओळ काय गायलात हो... अगदी कोवळ्या पोरीसारखी."

व्हेतुरियानं अंधारात सांदूचा हात चाचपला. सापडला. त्याच्या बोटांत आधीच कुणाची तरी बोटं होती, बारीक, गार. व्हेतुरियानं ती सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा सांदूनंच ती घट्ट धरली.