नऊशे ग्रॅमचं दार

"वाजवून बघ गं. धड असलं तर गाईल, भेगाळलं असलं तर खोकंल."

आईचा हा आवाज केतकीच्या कानात पंचवीस वर्षं मुक्कामाला होता. आई शिरोलीच्या एका फाउंड्रीत वाळूचे गाभे करायची. लोखंडाच्या पोटात पोकळी हवी असेल, तर ओतण्याआधी तिथे वाळूचा गाभा बसवायचा आणि लोखंड थिजलं की तो फोडून काढायचा. हात वाळूत, ओठांवर ओवी:

लोखंडाच्या पोटी, बाई, वाळूचा गं गाभा
गाभा गेला फुटून, मागं आकार उभा

सात वर्षांची केतकी डबा घेऊन गेली की आई तिच्या हाती छोटी हातोडी द्यायची आणि रांगेनं मांडलेले ओतीव भाग वाजवायला लावायची. चुकली तर हसायची नाही. पुन्हा वाजव म्हणायची.

आज केतकी एक दार वाजवत होती, आणि ते दार जगात कुठेच नव्हतं.

उद्यमनगरातलं, ओतकामासाठी लाकडी नमुने करणारं वडिलांचं पॅटर्न शॉप बंद होऊन तीन वर्षं झाली होती. भिंतींवर पंपांचे लाकडी नमुने अजून टांगलेले, कोपऱ्यात सागवानी भुशाचा वास. मधल्या मोकळ्या जागेत केतकी डोळ्यांवर चष्मा आणि हातांत स्पर्शमोजे घालून उभी होती. समोर नुसती हवा. पण मोज्यांना ती गार, कठीण ॲल्युमिनियमसारखी लागत होती. आरसाशाळा म्हणत या सोयीला. संगणकात उभारलेली कार्यशाळा, जिथे धातूला वजन होतं, वाऱ्याला जोर होता आणि टिचकी मारली तर नादही होता.

तिथे देशभरातल्या एक्केचाळीस जोड्या स्पोर्ट्स कार घडवत होत्या. अट अशी, की शर्यतीच्या वेगाने पळताना गाडीने एका लिटरमध्ये साठ किलोमीटर कापायचे आणि वजन चारशे ऐंशी किलोच्या आत ठेवायचं. जिंकणाऱ्या जोडीच्या मुख्य आरेखकाला आयोजक कंपनीच्या डिझाइन केंद्रात नोकरीची जागा. मुख्य आरेखक म्हणून नाव केतकीचं लागलं होतं. लाकडाचे नमुने आता कुणाला नको होते; या जागेखेरीज तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

गाडीचं नाव टिटवी. तशीच काटकुळी, तशीच चपळ.

तिने उजव्या दारावर टिचकी मारली. ठप्. अपेक्षित होतं, ते दार नुसत्या पापुद्र्याचं होतं. मग डावं दार वाजवलं.

ते गायलं.

केतकीचा हात तिथेच थांबला. सलग चौथा दिवस. सकाळी दार पोकळ असायचं आणि ती जेवून परत आली की त्याच्या आत तिरकी पट्टी उगवलेली असायची. तिने काट्यावर पाहिलं. चारशे ऐंशी किलो पाचशे ग्रॅम. नऊशे ग्रॅम वाढले होते. उद्या संध्याकाळी पाच वाजता गाडी सादर करायची होती.

"इरफान!" तिने चष्मा वर सारला. "वाळवीनं परत दार भरलंय."

वाळवी म्हणजे त्यांची आरेखन प्रणाली. जिथे भार पडत नाही तिथला धातू ती कुरतडून टाकायची, जिथे भार पडतो तिथे हाडासारखा जाड करायची. चाचणीत गाडी समोरून धडकवत आणि टपावर उलटवत. बाजूने मात्र कुणी धडकत नसे, कारण शर्यतीच्या मार्गाला चौकच नव्हते. म्हणून वाळवीने दोन्ही दारांतल्या पट्ट्या पहिल्याच आठवड्यात फस्त केल्या होत्या.

तिच्या जोडीतला इंजिनवाला, इरफान मुजावर, इंजिनाच्या आलेखांतून मान वर न करता म्हणाला, "भूक मेली असंल तिची."

"चेष्टा नको. तू हात लावलास?"

"मी? माझं काम बॉनेटखाली. दाराचा धनी तू."

"मग नोंदीत काही कसं नाही? 'आराखड्यात बदल: शून्य.' चारही दिवस."

"बघ बाई, मग भुताटकी असंल," म्हणत तो फोन घेऊन बाहेर गेला. अलीकडे तो फोन बाहेरच घ्यायचा. हळू बोलायचा, हसायचा, आणि केतकी दाराशी दिसली की पाठ फिरवायचा.

स्पर्धेतली पुण्याची जोडी चारशे ऐंशी किलोला टेकली होती. त्यांना इंजिनवाला माणूस हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्लेला माणूस त्यांना फितूर झाला असेल, असा विचार करताना तिला लाज वाटली. पण विचार काही गेला नाही. पायात रुतलेल्या कुसळासारखा, चाललं की टोचायचा.

तेवढ्यात पडद्यावर आयोजकांचा निरोप झळकला. 'साच्यांबाबत.' केतकीने तो न उघडताच मिटला आणि इरफान आत आला नाही ना, हे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे उद्यमनगराची सुट्टी. लेथ गप्प, रस्ते रिकामे. सकाळी केतकीने पट्टी पुसली, वजन उतरवलं आणि एक वाजता मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "मी जेवून येते. तीन वाजतील."

"निवांत ये," इरफान म्हणाला.

ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, चहाच्या बंद टपरीमागे थोडा वेळ थांबली आणि मागच्या बोळातून परत आली. लाकडी नमुन्यांच्या फटीतून तिला आतलं दिसत होतं.

इरफान स्टुलावर बसला होता. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे, अंगात आरसाशाळेचं जाकीट. त्याने स्टूल टिटवीच्या डाव्या आसनाच्या जागी ओढलं होतं आणि तो डाव्या खांद्याने हवेला धक्के देत होता. खांदा आदळायचा, तो सावरायचा, पुन्हा आदळायचा. ओठांत मोजत होता.

"एकशे बारा... एकशे तेरा..."

केतकीला उमगलं. त्याने आराखड्याला हातच लावला नव्हता. तो वाळवीला फक्त शिकवत होता, की इथे भार पडतो. आणि वाळवी बिचारी, भार दिसला की हाड भरत होती.

"पुण्याला पोचलास का रे?" ती पुढे होत म्हणाली.

इरफान स्टुलावरून पडता पडता वाचला. चष्मा काढून तो तिच्याकडे बघत राहिला. "जेवली न्हाईस?"

"कधीपासून फोन येतायत त्यांचे?"

"कुणाचे?"

"पुण्याच्या जोडीचे. बाहेर जाऊन कुजबुजतोस ते."

"पुण्याचे न्हवं, मिरजेचे," तो म्हणाला. आणि मग हसू आलं तरी त्याचा आवाज ओला झाला. "निलू हाय आजोळी. पाच वर्षांच्या पोरीशी बोलताना मी घोडा होतो, मांजर होतो. ते तुझ्यासमोर करू व्हय?"

इरफानने जाकिटाचे पट्टे सोडले.

"गेल्या बुधवारी तू बँकेत गेलीस, तवा तिला आणलं होतं हितं. चष्मा घातला, बारके मोजे घातले, डाव्या बाजूला बसवलं. म्हटलं बघ, अब्बाची गाडी. तिनं दाराला हात लावला. हात कोपरापतूर आत रुतला, केतकी. मला म्हणती, 'अब्बा, दार मऊ आहे.'" त्याने जाकीट बाजूला ठेवलं. "दुसऱ्या दिवसापासनं बसतोय. तिच्या उंचीला खांदा आणतो आणि धडकतो. पाचशे वेळा धडकलं की पट्टी येती."

"मला सांगायचंस."

"काय सांगू? खेळातल्या गाडीला दार कशाला, म्हणाली असतीस. आणि ते खरंच हाय की. ह्या गाडीत कोण बसणार? कोण मरणार?" त्याने उठून मोजे तिच्यापुढे धरले. "माझं येडेपण झालं. तुझी जागा हाय त्यात. पूस ती पट्टी. साडेतीन तास हायत. जिंकू."

केतकीने मोजे घातले, चष्मा ओढला. टिटवी झळाळत उभी होती. इरफानचे एकशे तेरा धक्के दारात उतरले होते. केसासारखी बारीक पट्टी नुकती आकार धरत होती. एक बोट फिरवलं असतं तर गेली असती.

तिने बोट वाकवलं आणि सवयीने टिचकी मारली.

दार अजून गात नव्हतं. पण खोकतही नव्हतं. नुकतं बोलायला शिकलेल्या मुलासारखं काहीतरी पुटपुटलं. केतकीच्या डोळ्यांपुढे हातोडी आली, वाळूने खरबरीत झालेले आईचे हात आले. पुन्हा वाजव.

तिने वाजवलं नाही. चष्मा काढून ती स्टुलावर बसली.

"इरफान, तुला येडं म्हणणारी मी कोण?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ही गाडी खरी होणार आहे. जिंकेल तिचे साचे करणार आहेत, पहिल्या खेपेला तीन हजार गाड्या, रस्त्यावर धावायला. सरकारनं हलक्या गाड्यांचा नवा वर्ग काढलाय, त्याला बाजूच्या धडकेची चाचणीच लागत नाही. मला दीड महिन्यापूर्वी कळवलं आयोजकांनी. तुला सांगितलं असतं तर तू दार मागितलं असतंस, म्हणून नाही सांगितलं."

केतकीने मोजे काढून मांडीवर ठेवले.

"आपण पट्टी ठेवू. हरू. पण उरलेल्या चाळीस गाड्यांतली कुठलीतरी एक जिंकेलच ना? तिचं दार कुणी वाजवून बघितलंय?"