हिरवी पाटी

डोंगरगावांभोवतीच्या वाटा पायाखाली घालायच्या आणि कोणती कोणाला झेपेल त्याच्या पाट्या लावायच्या, हे माझं काम. लाल पाटी धडधाकटांसाठी, हिरवी सगळ्यांसाठी. हिरवीची परीक्षा ताई घ्यायची. मी हात न लावता तिची चाकाची खुर्ची फिरून आली, तर वाट पास. तिने मागितल्याशिवाय मदत करायची नाही, हा नियम माझाच.

या गावाने मात्र पहिल्यापासून आमच्यावर डूख धरला होता. सकाळी लावलेल्या पाट्या दुपारी उपटलेल्या. दुकानदारीण पैसे देऊनही पाण्याची बाटली देईना.

"तळ्याच्या वाटेला पाटी नको," ती म्हणाली.

"का? चढ आहे?"

"चढ कसला? सपाट आहे."

"मग?"

"मग काही नाही. निघा."

तिचा भाऊ दाराशी चाकाच्या खुर्चीतच बसला होता. पाय वाळून काटक्या झालेले, पण बुटांचे तळवे झिजून भोकं पडलेली. बसून राहणाऱ्याचे बूट झिजतात कसे, हे अगदी ओठावर आलं होतं. पण त्या बाईच्या तोंडाला कोण लागणार! शिवाय मी चिडले होते. कोणी नको म्हटलं की तेच करायचं, ही माझी जुनी खोड.

वाट खरंच सुरेख निघाली. बारीक खडी, चांगली दाबून बसवलेली. ताई पुढे, मी मागे. तळं दिसायला लागलं तशी ती थांबली.

"पायांना मुंग्या येताहेत गं."

अपघातानंतर त्या पायांना चटकासुद्धा कळला नव्हता. मला आनंदाने रडूच फुटलं. मी तिच्याकडे धावायला गेले, तर पाऊल उचलेना. बुटात ओली वाळू भरल्यासारखं झालं.

तळ्यावर वारा होता, पण पाणी हलत नव्हतं.

"ताई, परत फिरू."

"थांब जरा."

ती उठली.

मी खाली कोसळले.

ती नुसती बघत राहिली. नियम आठवून मी म्हणाले, "मदत कर." तेव्हा तिने मला उचलून खुर्चीत ठेवलं. तिचे कोरे बूट खडीवर करकर वाजत होते.

"आपण पुन्हा एक फेरी मारू," मी म्हणाले. "कदाचित..."

"नको," ताई म्हणाली. "ही वाट आता तुला झेपायची नाही."

मला तिची भीती वाटली. सख्ख्या बहिणीची.

गावात शिरताच दुकानदारीण पाणी घेऊन बाहेर आली. ताईला दिलं, मला विचारलंही नाही. मग भावाची खुर्ची सरकवून तिने शेजारी जागा केली.

"आपली गाडी तिकडे आहे," मी म्हणाले.

ताईने माझ्या चाकांना ब्रेक लावला आणि दोघी हसत-बोलत फिरायला निघून गेल्या.

मी खाली पाहिलं. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर माझे पाय निपचित पडले होते. तिकडे ताई पावलं टाकत होती, आणि प्रत्येक पावलागणिक माझ्या बुटांच्या तळव्यांतून रबराचा काळा चुरा जमिनीवर पडत होता.