मशीन चाललं त्या दिवशी

"मॅडम, ह्यात काय घालू?"

पृथ्वीराजचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे! मान वर केली तर काउंटरपलीकडं एक उंच पोरगा — केसांत काजळी, शर्टाला उसाचं पाचट — आणि त्याच्या तळहातावर एक इवलासा कॉम्प्युटर. मधे पडदा, दोन्ही बाजूंना गेम खेळायची बटणं. असलं मशीन मी तोवर फक्त मासिकात बघितलं होतं.

"काय घालू म्हणजे? डिझेल?" मी विचारलं.

"न्हाय ओ... विंडोज का लिनक्स, ते विचारतोय." एवढा मोठा गडी, पण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

दोन हजार आठचा हिवाळा होता. प्रेमकथेत म्हणे पाऊस पडतो. आमच्या कसबा बावड्यात हंगामात काजळी पडायची. साखर कारखान्याच्या धुराड्यातनं यायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसायची. दिवसभर आभाळ धुरकट, हवेत मळीचा आंबूस वास. माझं मनही तसंच होतं तेव्हा. घरात वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती, आणि येईल त्या पावण्यापुढं मान खाली घालून बसायचा मला वीट आला होता.

दुरुस्तीचं दुकान बाबालालचाचांचं. ते टीव्ही उघडायचे, कॉम्प्युटर माझ्याकडं. पृथ्वीराज पेठ वडगावचा. घरचा ऊस घेऊन आलेली ट्रॉली कारखान्याच्या रांगेत अडकली, म्हणून वेळ काढायला आत शिरलेला.

"नाव काय लिहू?"

"पृथ्वीराज हंबीरराव पाटील. आन् तुमचं?"

"दीक्षा कांबळे."

तो जरासा थांबला. आम्हाला ते थांबणं लहानपणापासून ओळखू येतं. पण मग तो हसला आणि म्हणाला, "दीक्षा... चांगलंय की." आणि मी, खुळी, तेवढ्यावर विरघळले.

त्यानं स्वतः एक गेम बनवला होता. कुस्तीचा! लाल माती, दोन पैलवान, कडेला हलगी. पुण्याच्या एका कंपनीत तो दाखवून नोकरी मिळवायची, हे त्याचं स्वप्न. पण गेम लॅपटॉपवर नको, ह्या हातातल्या मशीनवर पळायला हवा. आणि घोडं तिथंच अडलेलं. मुळात आलेली विंडोज इतकी जड, की मशीन म्हाताऱ्या बैलागत धापा टाकायचं. जुनी विंडोज घातली तर बटणं चालायची, पण पैलवान डाव टाकायचे ते मधे चहा पिऊन आल्यासारखे सावकाश. लिनक्स घातलं की पैलवान विजेसारखे, पण बटणं मुकी.

"दोन्ही घाल की," तो म्हणायचा.

"जागा हाय का तेवढी? एक काय ते ठरव."

"तूच ठरव."

"मशीन तुझं, गेम तुझा, नोकरी तुझी... आन् ठरवू मी?"

"मग काय झालं?" असं म्हणून तो असा बघायचा... की हातातला स्क्रू ड्रायव्हर कुठं ठेवला, ते मला सापडायचं नाही.

एका ट्रॉलीबरोबर विंडोज, पुढच्या ट्रॉलीबरोबर लिनक्स, पुन्हा विंडोज. मी घालून द्यायची, आणि तो ते बिघडवून परत आणायचा. माझ्या डब्यातली भाकरी-चटणी न विचारता ओढून घ्यायचा, तिखट लागलं की हा-हू करत माझ्याच बाटलीला तोंड लावायचा. बाबालालचाचा टीव्हीच्या मागून म्हणायचे, "पाटील, ऊस कारखान्याला घालताय का आमच्या दुकानाला?" मी खाली बघून हसायची. घरी गेलं की हसू जायचं. दादा मिरजेच्या मास्तरांचं स्थळ घेऊन बसलेले असायचे.

शेवटी मी लिनक्सच धरलं. इंटरनेटवर परदेशातल्या कुणीतरी बटणांना बोलतं करायची युक्ती लिहिली होती. रोज थोडं-थोडं वाचत, चुकत, एकेक बटण शिकवत गेले. शेवटचं राहिलं त्या दुपारी पृथ्वीराज स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता... आणि मी सकाळपासून एकच वाक्य मनात घोकत होते. आज सांगायचं. सांगायचं आणि त्याचं तोंड बघायचं.

शेवटची ओळ लिहिली. मशीन त्याच्या हातात दिलं. डोळे मिटून बोलून टाकलं—

"रविवारी मला बघायला येणार हायत. मिरजेचे. पसंत पडलं तर लगेच साखरपुडा."

"चालतंय की!"

मी डोळे उघडले. तो मशीनकडं बघत होता. लाल पैलवानानं निळ्याला उचलून धरलं होतं.

"...चालतंय?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"मस्त चालतंय! एकदम नाद खुळा!"

त्यानं मशीन छातीशी धरलं, आनंदानं माझे दोन्ही हात दाबले आणि "उद्याच पुण्याला निघतो!" म्हणत पळाला. मी तिथंच बसून राहिले. विचारायला हवं होतं, की बाबा, नक्की काय चालतंय? पण मी कशाला विचारू? ज्याला काही वाटत नाही, त्याच्या गळ्यात पडायचं का? असला राग आला, असला राग आला... की रविवारी मिरजेच्या पावण्यांपुढं मी मान वर करून बसले आणि हो म्हणून मोकळी झाले. पुढच्याच आठवड्यात साखरपुडा.

पृथ्वीराज आला तेव्हा हंगाम संपत आला होता. हातात पेढ्यांचा बॉक्स, तोंडभर हसू. नोकरी लागली होती. पेढा माझ्यापुढं धरला आणि त्याची नजर माझ्या बोटावर गेली.

"ही अंगठी... कसली?"

"कसली म्हणजे? सांगितलंतं की तुला. मिरजेचे मास्तर."

"कधी?"

"मशीन चाललं त्या दिवशी. चालतंय की, म्हणलास. वर नाद खुळा म्हणलास!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आगं... मी मशीनला म्हणलो! आईशप्पथ, दीक्षा, मला कायच ऐकू आलं न्हाय. आगं, मी लिनक्स उडवून विंडोज, विंडोज उडवून लिनक्स करत हुतो ते कशापायी? मुद्दाम बिघडवत हुतो. तुझ्याकडं यायला काय तरी निमित्त पायजे म्हणून..."

"ठाऊक हाय मला," मी म्हटलं. "मी बी एकदा मुद्दाम अर्धवटच करून दिलंतं."

आम्ही दोघं हसलो. आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. मला इतका आनंद झाला होता, की वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळं उलटं फिरवता येईल.

"ऐक," मी म्हटलं. "दादांना मी आज सांगते. ते आदळआपट करतील, चार दिवस बोलणार न्हाईत, पण माझं ऐकतील. मिरजेच्या माणसाची मी स्वतः माफी मागते. तू फक्त तुझ्या वडलांना सांग. आत्ता. लाव आबांना फोन."

"आत्ता?"

"आत्ता. आन् स्पीकरवर ठेव."

त्यानं मोबाइल काढला. नंबर लावलासुद्धा. मला त्याचा केवढा अभिमान वाटला!

"काय रं?" आबांचा खणखणीत आवाज दुकानभर झाला.

"आबा... मी पृथ्वी बोलतोय."

"ते कळलं की. बोल."

"आबा, ते... बावड्यात हाय मी."

"बरं. मग?"

पृथ्वीराजनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं घसा खाकरला, ओठ उघडले... मिटले.

"मग... जेवायला येतोय. जरा उशीर हुईल."

"आरं, मग त्येला फोन कशाला पायजे?" आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग पृथ्वीराज खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "आमच्यात... चालत न्हाय गं, दीक्षा."

ह्या वेळी मशीन त्याच्या खिशात बंद होतं.

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. माझी भाकरी चालली, माझं पाणी चाललं, ते कुणात चाललं रे — असं विचारायचं होतं. पण त्याचे डोळे गळत होते, आणि तशातही मला तो आवडत होता. हेच तर सगळ्यात वाईट होतं.

"जा," मी म्हटलं. "आबा जेवायचे थांबले असतील."

तो गेला. पेढ्यांचा बॉक्स काउंटरवर तसाच राहिला. बाबालालचाचा टीव्हीमागून उठले, काही न विचारता त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं.

"रडून घे, पोरी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक थांबतंय जरा."