परीचं मागचं तोंड

आधीच सांगतो, हे खरं आहे.

मी एरवी थापा मारतो. घरी, मित्रांत, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा. पण थाप मारायचीच असती तर यापेक्षा बरी मारली असती.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. आमच्याकडे जे आलं ते दार वाजवून आलं, चपला बाहेर काढून आलं, आणि आत आल्यावर पाणीही प्यायलं.

जागा म्हणजे माझ्या ताईची मागची खोली. खिडकीखाली शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेलं लांब टेबल आणि वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तार. ताई हाताने टांगत्या पऱ्या बनवते. कापडी अंग, लोकरीचे केस, बारीक तारेवर जाळी चढवून केलेले पंख. लोक त्या खिडकीत टांगतात, नाहीतर पाळण्यावर. भाऊजी बोटीवर कामाला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. ताई, तिची मुलगी आणि मी. मुलीला आम्ही टाचणी म्हणतो. बारीक आहे आणि टोचते.

माझं काम पऱ्यांची तोंडं काढायचं. माझ्या आयुष्यात स्थिर म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ब्रश धरलेला हात.

आता एक नीट समजून घ्या. परीचं तोंड सगळ्यात शेवटी काढतात. नव्या दोऱ्यात पीळ असतो. परी टांगली की ती स्वतःभोवती फिरत राहते. पीळ उतरला की कुठल्यातरी एका बाजूला थांबते. खोलीकडे जी बाजू येईल ती तिची पुढची बाजू. तिथे तोंड काढायचं आणि मागे केस चिकटवायचे. आधीच तोंड काढलं तर परी भिंतीकडे बघत बसते, आणि गिऱ्हाईक विचारतं, ही आमच्यावर रुसलीय का?

तर त्या दुपारी एक बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत एक छोटासा पिवळा फ्रॉक.

"माझ्या मुलीचा आहे," त्या म्हणाल्या. "ती गेली. याची परी करून द्या."

ताईचे डोळे लगेच भरले. ताई जाहिराती बघूनही रडते.

"फक्त याचंच कापड वापरा," बाई म्हणाल्या. "आतसुद्धा याचंच भरा. दुसरं काही नको."

ताईने मान हलवली. मी पाणी दिलं. बाई ते प्यायल्या आणि जाताना दारात थांबल्या. खोलीच्या कोपऱ्यात टाचणी बसली होती, रिकाम्या रिळांची आगगाडी करत. बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

जरा जास्तच वेळ...

मग गेल्या.

ताईने परी करायला घेतली. झगा झाला, हात झाले, पाय झाले. डोकं भरायला घेतलं आणि कापड संपलं. अर्धं डोकं भरलेलं, अर्धं पोकळ.

"डोकं कमी पडलं," ताई म्हणाली.

"आपल्या घराण्यात पडतंच," मी म्हणालो.

"गप रे. आता काय करू?"

काय करणार? नेहमी करते तेच केलं. टेबलाखाली चिंध्यांची गोणी असते. हात घातला, मूठभर काढलं आणि भरलं. हात आपोआप गेला तिचा. मीही बघत होतो, मलाही त्यात काही वाटलं नाही. गोणीत काय असतं? टाचणीचे लहान झालेले कपडे. झबली, टोपडी, फाटके फ्रॉक.

परी टांगली. फिरली. थांबली. मी तोंड काढलं, ताईने मागे केस चिकटवले. सुरेख झाली होती.

बाई न्यायला आल्या. ताईने कौतुकाने परीपुढचा पडदा सारला आणि म्हणाली, "बघा."

परी हलली...

पंखा बंद होता. रंग वाळताना आम्ही पंखा लावत नाही. खिडकीही बंद. शेजारच्या सगळ्या पऱ्या गप्प. ही एकटीच सावकाश वळली आणि बाईंकडे पाठ करून थांबली.

"दोऱ्यात पीळ राहिला असेल," ताई म्हणाली आणि तिने परीला हाताने वळवलं.

परी पुन्हा फिरली. पुन्हा पाठ.

बाई उठून पलीकडे गेल्या. परी त्यांच्याबरोबर वळत गेली. त्या जिथे जिथे जात होत्या, तिथे तिथे त्यांना फक्त लोकरीचे केस दिसत होते.

मी घाबरलो. पण परीला नाही. बाई अजिबात घाबरल्या नव्हत्या, त्याला घाबरलो.

"म्हणजे अजून राग गेला नाही," त्या म्हणाल्या.

"कसला राग?" ताईने विचारलं.

 बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तोंडं तुम्ही काढता ना? मग मागेही एक काढा."

"मागे? म्हणजे... दोन तोंडं?"

"हो. मग बघावंच लागेल तिला."

मला हसू येत होतं. वाटलं, कल्पना काही वाईट नाही, आपल्या बऱ्याच नातेवाइकांची अशीच सोय आहे. ताईकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच खुणावलं, काढ, बिचारीचं मूल गेलंय.

मागचे केस उचकटले. ब्रश टेकवला.

कोपऱ्यात टाचणी खुदकन हसली.

"मामा, गुदगुल्या होतात."

"कुठे गं?"

"डोळ्याला."

मी डोळाच काढत होतो...

दुसरा डोळा काढला. ती दुसरा डोळा चोळायला लागली. ओठ काढले. तिने जिभेने ओठ चाटले आणि तोंड वाकडं केलं. "ई, कडू आहे."

"नाटकी आहे नुसती," ताई म्हणाली. मीही हसलो. काय करणार, हसायचीच सवय.

या खेपेला परी फिरली ती नवं तोंड बाईंकडे करून थांबली. बाईंनी तिच्या गालाला हात लावला. खूप दिवसांनी जेवायला मिळालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. परीचा खोका मीच त्यांच्या घरापर्यंत पोहोचवला.

परत आलो तर ताई आणि टाचणी स्वयंपाकघरात.

"हिला काय झालंय बघ रे," ताई म्हणाली. "सरळ बसून जेवत नाहीये."

टाचणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ताई घास घेऊन तिच्या पुढ्यात गेली.

टाचणी वळली...

पाय न हलवता. बसल्या जागी, सावकाश, कुणीतरी वरून धरल्यासारखी.

"टाचणे, खेळ पुरे. इकडे बघ."

"बघतेय की, आई," टाचणी म्हणाली. तिची पाठ ताईकडे होती.

पहिल्या दिवशी ताई हसली. मग रागावली. मग तिने टाचणीचे खांदे धरून तिला आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला आणि टाचणी इतकी किंचाळली की शेजारच्या काकू ओट्यावरचं दूध सोडून पळत आल्या.

माझ्याकडे ती बघायची. काकूंकडे बघायची. डॉक्टरांकडे बघून तर तिने त्यांच्या टकलावर विनोदही केला. डॉक्टर म्हणाले, मान ठीक, कान ठीक, डोळे ठीक, मुलगी आगाऊ आहे. फक्त ताई समोर आली की पाठ. ताई तिच्याभोवती गोल फिरायची, लेकीचा चेहरा बघायला. लेक तिच्यापेक्षा अर्ध्या क्षणाने पुढे.

मग एका दुपारी ताई मशीनवर बसली असताना एकदम थांबली. चिंध्यांच्या गोणीकडे बघत राहिली.

"मी तिच्या डोक्यात मागे आपल्या टाचणीचं कापड भरलं," ती म्हणाली.

 आपण हसावं असं मला पहिल्यांदाच वाटलं नाही.

"ते मागचं तोंड त्या बाईंच्या लेकीचं नाहीये रे. ते माझ्या लेकीचं आहे. चल. आत्ता."

बाईंनी दार उघडलं. केस विंचरलेले, घर लख्ख. टेबलावर दोन ताटं मांडलेली. परी खिडकीत टांगली होती आणि मागच्या, नव्या तोंडाने खोलीकडे बघत होती.

"एक टाका उसवायचाय," ताई म्हणाली. "लगेच परत देते. चूक झालीय माझी."

"कसली चूक?" बाई हसून म्हणाल्या. "किती छान बघते ती माझ्याकडे. कालपासून तर..."

त्या बोलायच्या थांबल्या.

परी वळत होती...

बाईंवरून नजर काढून, ताईकडे. ताई एक पाऊल डावीकडे सरकली. परी डावीकडे. ताई उजवीकडे. परी उजवीकडे.  ताईने दोन्ही हात पुढे केले, टाचणी चालायला शिकत होती तेव्हा करायची तसे.

बाईंनी ते बघितलं. मग त्या आमच्या आणि खिडकीच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, द्या हो," ताई म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

"तुमची आहे ना घरी?" बाई शांतपणे म्हणाल्या. "धडधाकट? मग मला एवढं राहू दे."

दार लागलं. आम्ही ठोठावलं, ओरडलो, मी खांद्याने धक्के मारले. खांदा दुखावला, दार नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस शिपायाला घेऊन गेलो. तो वाटेत विचारत होता, "तक्रार नक्की काय लिहू? बाहुली तुमच्याकडे बघते?"

घराला कुलूप होतं. खिडकीतून आत बघितलं. भांडी नाहीत, टेबल नाही, काही नाही. शेजारी म्हणाले, पहाटेच टेम्पो आला होता. कुठे गेल्या? माहीत नाही. मुलगी कशाने गेली होती त्यांची? शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. "मुलगी रडायची खूप," एवढंच एक आजी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

याला आता बरेच महिने झाले.

मधे एकदा मी घरी आलो तर ताईने एक टोपी शिवली होती. टाचणीच्या मापाची, कानांवरून घट्ट बसणारी. मागची बाजू पांढरी, कोरी. टाचणी ती घालून, ताईकडे पाठ करून बसली होती. टेबलावर माझे रंग काढून ठेवलेले.

"ताई, वेडी झालीस का?"

"तुझा हात चांगला आहे," ताई म्हणाली. "तिच्यासारखंच काढ. जास्त हसरं नको."

"मी नाही काढणार."

टाचणी माझ्याकडे बघत होती.

"काढ रे मामा," ती हळूच म्हणाली. "आई रोज रडते."

मी काढलं.

आता ताई त्या टोपीला पावडर लावते. टोपीशी बोलते. झोपताना टोपीच्या गालाची पापी घेते. आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने टाचणी माझ्याकडे बघत असते. आजवर मी इतकी तोंडं काढली, पण तेव्हा तिच्या तोंडावर जे असतं ते मला काढता येणार नाही.

भाऊजी सुट्टीवर यायचे आहेत. त्यांना फोनवर मी सांगितलंय, सगळं ठीक आहे. ही एक थाप.

हे सगळं इथे लिहायचं कारण एवढंच. तुमच्या इमारतीत कुणी एकटी बाई नवीन राहायला आली असेल, तिच्या खिडकीत पिवळ्या झग्याची परी टांगलेली असेल, तर मागून एकदा बघा. तिथेही तोंड असेल तर परीला हात लावू नका. उसवू तर अजिबात नका, नीट उसवायला ताईच लागेल. फक्त मला कळवा.

बाईंनी कितीही वेळा हाताने वळवली तरी ती पुन्हा पुन्हा एकाच दिशेला वळत असेल.

त्या दिशेला आमचं घर आहे.