मागचं मोकळं यान

शेळ्यांना पाला टाकून खेमा घरात आला तेव्हा दुपार कलली होती. त्याची नात मिना पंख्याखाली बसली होती, मांडीवर लॅपटॉप. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. सेनगावजवळच्या त्या तांड्यावर या दिवसांत म्हातारी माणसं आणि शेळ्याच जास्त.

"जेवलीस का, बाई?"

"यान झालं की जेवते, दादा."

हे यानांचं खूळ खेमाला आता सवयीचं झालं होतं. इंटरनेटवर एक खोटं जग होतं, दूरच्या ताऱ्यांमधलं. ते आवडणारी देशोदेशीची पोरं तिथल्या परक्या लोकांसाठी आपापल्या मनानं अवकाशयानं काढायची आणि एकमेकांना दाखवायची. मिनानं निवडलेल्या लोकांना ग्रहच नव्हता. पिढ्यान् पिढ्या नुसतं चालत राहायचं. म्हणून तिनं आजोबाकडून लदेणीची रीत खोदून खोदून विचारून घेतली होती. खेमाच्या पणज्याच्या काळी तांडा बैलांवर धान्य, मीठ लादून मुलूखभर फिरायचा. पुढं नायकाचा बैल, मधे ओझ्याचे, आणि सगळ्यांत मागं एक बैल मोकळा. वाटेत कुणी मागं पडला, तर त्याच्यासाठी.

मिनानं यानांचा तसाच तांडा काढला होता. अंगावर आरशांचं भरतकाम, खिडक्या कवड्यांसारख्या. शेवटचं यान मोकळं, दार घट्ट लावलेलं.

खेमा चष्मा पुसून वाकला. "झ्याक हाय. पण ह्या बैलायला शिंगं न्हाईत."

"दादा, ते उडतेत!"

"उडू दे की. शिंगाचं काय ओझं होतंय?"

मिना खुदकन हसली. तेवढ्यात खेमाला शेवटच्या यानावर दोन बारीक अक्षरं दिसली.

"हे काय लिवलंस?"

"माझं नाव. ज्यानं काढलं त्यानं शेवटी नाव टाकायचं, असा नियम हाय तिथं."

खेमाचं तोंड उतरलं. सगळी रीत त्यानं सांगितली होती, एक सोडून. लेकरू भिईल म्हणून ती पोटातच ठेवली होती.

"पुस ते."

"काहून?"

"मोकळ्या बैलापाशी कुणाचं नाव घ्यायचं न्हाई, बाई. घेतलं की तो त्याला न्यायला येतो."

"हे आता सांगून राहिला व्हय? मी आत्ताच समद्यायला पाठवलं…" ती बोलता बोलता थांबली. मग हळूच म्हणाली, "दादा, मी दार लावलेलं काढलं व्हतं ना?"

दार बोटभर उघडं होतं. आत काळोख होता. तो तिनं काढलेला नव्हता.

वीज गेली. पंखा गरगरत थांबला आणि घरात एकदम शांत झालं. त्या शांततेत माळावरून घुंगरमाळेचा आवाज आला. एकाच बैलाचा, सावकाश. तांड्यावरचा शेवटचा बैल विकून दोन वर्षं झाली होती. आता सगळी कामं ट्रॅक्टरवर.

मिनानं घाईघाईनं नाव पुसलं. दार आणखी उघडलं.

घुंगरं दारापुढच्या लिंबाखाली आली. बाहेर शेळ्या चिडीचूप होत्या. ऐन फाल्गुनाच्या उन्हात भिजलेल्या बैलाचा आणि मिठाच्या गोणीचा वास दारातून आत शिरला. मग घुंगरं थांबली. अंगणातच. बाहेर जाऊन बघायची दोघांचीही छाती झाली नाही.

"दादा… मला उठावं वाटून राहिलं. कुणीतरी ऊठ म्हणतंय…"

खेमानं तिचं मनगट गच्च धरलं. त्याला सही येत नव्हती. जन्मभर जिथं तिथं त्यानं अंगठाच दिला होता. तोच अंगठा त्यानं पडद्यावर दाबला, जिथं तिचं नाव होतं तिथं.

"पोरगी चालती हाय अजून," तो दाराकडं बघून म्हणाला. "मागं पडलो तो मी. मला ने."

पडदा विहिरीतल्या दगडासारखा गार लागला. बराच वेळ काही झालं नाही. मग घुंगरं वळली आणि दूर दूर जात विरली. यानाचं दार लागलं होतं. मिना त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली, लहानपणी झोपायची तशी. खेमा रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिला. आपल्याला कधी न्यायला येतील, याची वाट बघत.

कुणी आलं नाही. सकाळी मिनाला झोपू देऊन तो शेजारच्या गावी रेशनला गेला. दुकानदार उत्तमरावांनी मशीन पुढं केलं. खेमानं अंगठा ठेवला.

"दादा, तुमचा अंगठा पहाटंच लागलाय की. दुसऱ्या दुकानात."

"कोणत्या?"

"बराबर कळत न्हाई. दुकानाचं नावच आलं न्हाई."

खेमाला उलट बरं वाटलं. म्हणजे तिकडं त्याचाच अंगठा धरला होता. "लागू द्या. नातीचा तर न्हाई ना लागला?"

"न्हाई हो. तुमच्या एकट्याचाच."

खेमा पायरीवर टेकला. कालपासून पहिल्यांदा त्यानं ऊरभर श्वास घेतला. तेवढ्यात मागं मशीन करकरलं. उत्तमरावांनी हात लावला नव्हता, तरी पावती बाहेर आली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली.

"मिनाचा लागला बघा."

"कधी?" खेमा उठला.

उत्तमरावांनी पावती वाचली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पुन्हा पावती वाचली.

"दादा… ह्याच्यावर नऊ वाजून दहा मिनिटं हायेत. आत्ताशी नऊच वाजलेत."

तांडा तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर होता.